बारा डब्यांतला कफ

पहिलं नाव वयनीचं यायला हवं. ते मी लिहीत नाही, कारण ती म्हणते, कागदावर नाव चढलं की माणूस हजेरीत अडकला. तेव्हा नुसतं वयनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर शेजारच्या सिंधुदुर्गात, सासर पेडण्यात, आणि कामाची सगळी वर्षं डिचोली तालुक्यात, मुळगावजवळच्या खाणीवर. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला माणूस, आणि ती पदवी मला या बाईने मिळवून दिली. पुढच्या पदवीच्या वेळी तिनेच माझं एक वर्ष बुडवलं. दोन्ही कामं तिने एकाच रीतीने केली, हे कळायला मला उशीर झाला. तोवर मी तिला जे बोललो ते परत घेता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आज तिला अंगणातून विहिरीपर्यंत जायला मध्ये एकदा बसावं लागतं. बसते, आणि कुणी बघत असेल तर चपलेतला खडा काढल्याचं सोंग करते. डॉक्टर म्हणतात, माझं वर्ष बुडालं त्या वर्षी खाणीवरचा ढीग सोडला म्हणून एवढी तरी चालते.

आमचे वडील पेडण्याला दुसऱ्यांच्या काजूच्या बागांत राबायचे. शाळा मी पेडण्यातच केली. दहावी झाल्यावर भावाने मला मुळगावला नेलं. तो खाणीवर टिपर चालवायचा. डोंगरावर खनिज भरायचं, नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचं, परत डोंगर. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यातली आतली खोली माझ्या अभ्यासाला दिली होती. तिथून मी अकरावी-बारावी साखळीला केली आणि मग बसने म्हापशाच्या कॉलेजात जाऊ लागलो. मी त्या घरात आलो त्याच महिन्यात वयनी खाणीवर कामाला लागली. या दोन गोष्टींचा संबंध मला कुणी सांगितला नाही. मीही विचारला नाही.

तिचं काम म्हणजे ढिगाशी बसून हातोडीने ढेकळं फोडायची, दगड वेगळा काढायचा आणि चांगलं खनिज घमेल्यात भरायचं. बारा बायकांची टोळी होती. टोळीची एक रीत होती. एखादीला ताप असला तर ती नुसती येऊन सावलीत बसायची आणि उरलेल्या अकराजणी तिचं घमेलं भरून द्यायच्या. ती आलीच नाही तर हजेरीला दुसरीच कुणीतरी तिच्या नावाला "आसां" म्हणायची. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. त्याला भरलेली घमेली दिसायला हवी होती, बायका नव्हेत. वर्षातून एकदा खाणीतर्फे डॉक्टर छाती तपासायला यायचा, तेव्हासुद्धा जिचा खोकला फार असेल तिच्या जागी एखादी धडधाकट बाई उभी राहायची. वयनी हे सगळं मला वाढता वाढता कौतुकाने सांगायची. मी आमटी भुरकत ऐकायचो आणि विसरायचो.

बी.एस्सी. झाल्यावर मी पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत एम.एस्सी.ला लागलो आणि तिथल्याच वसतिगृहात राहू लागलो. निघताना वयनीने मला राखुंडीचा डबा दिला. भाताचं तूस जाळून, कुटून, त्यात मीठ घालून ती दात घासायला राखुंडी करायची. ही तिच्या माहेरची सवय. मुळगावात बाकी सगळ्या मशेरी लावायच्या आणि तिच्या राखुंडीला हसायच्या.

प्रबंधाचा विषय माझ्या मार्गदर्शक सरांनी दिला. धुळीमुळे फुप्फुसाला सूज येते हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण ती सूज आणतं कोण? छातीत शिरलेला धुळीचा कण पहिल्यांदा एक मोठी पेशी गिळते. राखण करणं हेच तिचं काम. जंतू असता तर तिने तो पचवला असता. पण कण गारेच्या दगडाचा, पचत नाही. मग ती पेशी जखमी होते आणि आपल्यातून काही रसायनं बाहेर सोडते. त्या रसायनांच्या मागावर रक्तातल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून तिथे पोचतात. शत्रू आहे असं समजून त्या आपल्याजवळचं सगळं विष ओततात. गारेला विष लागत नाही. लागतं ते फुप्फुसाला. मग तिथून आणखी रसायनं, आणखी पेशी. सरांना बघायचं होतं, धुळीत काम करणाऱ्यांच्या कफात ही बोलावणारी रसायनं असतात का आणि त्यांचा जोर किती.

पद्धत साधी होती. काचेच्या बशीत पारदर्शक जेलीचा पातळ थर ओतायचा आणि त्याला एका ओळीत तीन भोकं पाडायची. मधल्या भोकात निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, एका बाजूच्या भोकात कफातून वेगळं काढलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला नुसतं मिठाचं पाणी. बशी अंगाइतक्या गरम पेटीत काही तास ठेवायची. कफात बोलावणारं रसायन असेल तर पेशी जेलीखालून त्या बाजूला सरकत जातात. मग त्यांना रंग द्यायचा आणि त्या किती अंतर गेल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. निरोगी माणूस म्हणून मी माझंच रक्त काढून घ्यायचो.

कफ मात्र हवा होता धुळीतल्या माणसांचा. मी सरांना फुशारकीने सांगितलं, माझी वयनी खाणीवर आहे, बारा बायका आहेत, आणतो.

पहिल्यांदा ढिगाकडे गेलो तेव्हा नाकातोंडाला रुमाल बांधून गेलो. ती चूक मला कुणी विसरू दिली नाही. हातात सरांनी छापून घेतलेले संमतीचे कागद, पायात बूट. टोळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, तिला सगळ्या मोठी बाय म्हणायच्या, तिने हातोडी खाली ठेवून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग म्हणाली, "आमची धूळ तुका सोसना, आनी आमचो कफ बरो सोसता रे?"

अकराजणी हसल्या. वयनी मान खाली घालून ढेकळं फोडत राहिली. मी रुमाल काढला, पण तेव्हा काढून काही उपयोग नव्हता. मी कफ कशाला हवा ते समजावू लागलो तर दुसरी एक म्हणाली की आदल्या वर्षी एकीच्या छातीत काहीतरी निघालं आणि दुसऱ्या दिवशी तिचं नाव हजेरीतून गेलं, तेव्हा तुझा कागद तू चाट. कुणी एक थेंब दिला नाही. मी परत फिरलो तेव्हा माझ्या पाठीमागून कुणीतरी मुद्दाम मोठ्याने खाकरून थुंकलं.

संध्याकाळी वयनीने विचारलं, "रुमाल कशाक बांधलात भावजी?"

मी वैतागून सांगितलं की ती धूळ छातीला वाईट असते, मी तेच तर शिकतो आहे.

"म्हंजे तुमका ठावक आसा तर," ती म्हणाली आणि भाताचं आधण बघायला उठली.

 त्या वेळी वाटलं, अडाणी बाईला उत्तर द्यायची गरज नाही.

ते दिवस सगळ्यांनीच एकमेकांवर गुरगुरण्याचे होते. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, हे भांडण पेटलं होतं. साखळीच्या बसस्टँडवरच्या भिंती दोन्ही बाजूंच्या घोषणांनी भरल्या होत्या, एकाची अक्षरं दुसऱ्याने डांबराने पुसलेली. भाऊ मराठीच्या मोर्चांना टिपर भरून माणसं न्यायचा. सर कोंकणीचे. माझ्या हातात मराठी वर्तमानपत्र दिसलं की ते म्हणायचे, तुम्हां पेडण्या-डिचोलीच्या लोकांची घरात एक भाषा आणि मोर्च्यात दुसरी. घरी गेलो की भाऊ म्हणायचा, जा, त्या कोंकणीवाल्याच्या पायाशी बस. दोन्हीकडे मी फितूर होतो. आणि दोन्हीकडे मी मान हलवायचो, हे जास्त लाजिरवाणं.

सरांनी मुदत घातली. महिनाअखेर नमुने आले नाहीत तर विषय बंद, आणि नव्या विषयाला वेळ नसल्याने वर्षही बंद. मी मुळगावला जाऊन झाकणाच्या बारा प्लास्टिकच्या डब्या वयनीकडे ठेवून आलो. त्यांवर एक ते बारा आकडे घातले होते. एका कागदावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहिल्या: सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याने चूळ भरावी, दात घासू नयेत, खोल खोकून आलेला कफच डबीत घ्यावा, बर्फात ठेवावा. वयनी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून वाचायची. मी पुढच्या आठवड्यात येऊन टोळीची समजूत घालणार होतो.

तेवढ्यात बंद सुरू झाला. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या थांबल्या, मी वसतिगृहात अडकलो. डिचोलीकडे माल नेणारा एक ओळखीचा ड्रायव्हर कसाबसा निघाला होता, त्याच्याजवळ मी चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीतला शब्द न् शब्द मला आठवतो. "वयनी, तुझ्या मैत्रिणींना काय सांगायचं ते सांग. बारा डब्या भरून आल्या नाहीत तर माझं वर्ष गेलं, आणि ते तुझ्या टोळीमुळे गेलं असं मी समजेन."

बंद उठल्यावर पहिल्याच बसने ती पणजीला आली. मांडीवर पिशवी, पिशवीत मासळीवालीकडून मागून आणलेला बर्फ, वर गोणपाट गुंडाळलेलं, आणि आत बारा डब्या. एकही रिकामी नव्हती. मी आनंदाने तिला चहा पी म्हणालो. ती नको म्हणाली, हजेरी चुकेल, त्याच बसने परत जाते. बोलताना तिने पदर तोंडावर धरला होता. मला वाटलं बसमधली धूळ. पिशवी घेऊन मी धावत सुटलो. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

निकाल बघून सर पहिल्यांदा माझ्याशी माणसासारखे बोलले. मिठाच्या पाण्याकडे पेशी जेमतेम हलल्या होत्या. कफाच्या बाजूला मात्र दाट जांभळ्या रंगाची झुंड, मधल्या भोकापासून निघून पार दुसऱ्या भोकाच्या काठाला भिडलेली. बारापैकी बाराही बशांत तसंच. सर म्हणाले, एवढा स्वच्छ निकाल त्यांनी विद्यार्थ्याच्या हातून आलेला बघितला नव्हता. ते हा निकाल बाहेर मांडणार होते, माझ्या नावासह.

मी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी खटकलं. बारा बायका, कुणी तिशीतली, कुणी साठीतली, कुणी दहा वर्षं ढिगावर बसलेली, कुणी दोन. त्यांच्या छातीतून निघालेल्या हाकेचा जोर केसाच्या फरकाने सारखा कसा? माझ्या हातात एवढी अचूकता नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं.

कफाचा थोडा थोडा थर मी काचपट्ट्यांवर पसरून ठेवला होता. त्या मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. धूळ गिळून तांबूस झालेल्या मोठ्या पेशी होत्याच. त्यांच्यामध्ये काळपट पातळ तुकडे होते, ते मी आधी घाण म्हणून सोडून दिले होते. आता नीट बघितलं. प्रत्येक तुकड्यावर ओळीने पुळ्या, फणसाच्या सालीवर असतात तशा. पहिल्या पट्टीवर, दुसऱ्या, पाचव्या, बाराव्या. मी खोलीवर गेलो, राखुंडीचा डबा आणला आणि चिमूटभर राख काचेवर टाकली. त्याच पुळ्या. जाळलेल्या तुसाची साल.

मशेरी लावणाऱ्या अकराजणींच्या तोंडात माझ्या वयनीची राखुंडी कुठून आली?

रविवारी दुपारी मी मुळगावला पोचलो तेव्हा ती मागीलदारी बाजारातून आणलेल्या शिंपल्या, तिसऱ्या, धूत होती. मी राखुंडीचा डबा तिच्यासमोर आपटला आणि विचारलं, बाराही डब्या तूच भरल्यास ना? तिने नाकारलं नाही. तिचा चेहरासुद्धा पडला नाही. माझ्या सूचनांमधली एकच गोष्ट मोडली म्हणून ती ओशाळली होती. पारोशा तोंडाचं काही कॉलेजात कसं पाठवायचं, म्हणून तिने आधी दात घासले होते. तीन दिवस सकाळी, बंद चालू असताना, ती थोडं थोडं करून डब्या भरत होती.

"तुमका बारा व्हयी हुती," ती म्हणाली. "त्येंची घमेली मियां भरतंय, तशीच डबी भरली. त्येत काय चुकला?"

मी जे बोललो ते असं. अडाणी ती अडाणीच. ही चोरी आहे, आणि ती तू माझ्या नावावर केलीस. शिकलेल्या माणसांत मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तुझ्यासारखीच्या जिवावर शिकलो हीच माझी चूक. आवाज एवढा चढला होता की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला.

ती हातातल्या तिसऱ्या पुन्हा पुन्हा त्याच पाण्यात धूत राहिली.  भाऊ आतून आला. त्याला चोरी हा शब्द तेवढा ऐकू आला होता. मी सगळं सांगितलं, आणि रागाच्या भरात हेही सांगितलं की या धुळीने काय होतं ते मी कागदावर आणणार होतो. त्यावर तो म्हणाला, "खाण बंद पाडूक निघालंस. मगे आमी काय खावचा, कफ?" आणि मला दार दाखवलं. दार दाखवलं म्हणजे खरंच बोट करून दाखवलं. त्या रात्री मी गावातल्या एका मित्राकडे झोपलो.

सकाळी थेट ढिगाकडे गेलो. रुमाल न बांधता. बारा बायकांसमोर उभं राहून मी म्हणालो की तुम्ही नकार दिलात म्हणून माझ्या वयनीला खोटं करावं लागलं, तुमच्यात थोडी माणुसकी असती तर माझं वर्ष वाचलं असतं. मला अजून त्यांच्याकडून कफ मिळेल अशी आशा होती. शिव्या देऊन मिळेल असं वाटण्याइतका मी शिकलेला होतो.

मोठी बायने हातोडी थांबवली नाही. ढेकूळ फोडलं, दगड डावीकडे टाकला, खनिज घमेल्यात. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बारा डब्यो भरीपर्यंत तुजी वयनी कितली खोकली, तें मेजलें तुवें?"

मेजलें म्हणजे मोजलंस का. मी सगळं मोजलं होतं. पेशी किती सरकल्या ते मोजलं होतं, राखेच्या पुळ्यांच्या ओळी मोजल्या होत्या. निरोगी माणसाला डबीचा तळ झाकेल एवढाही कफ काढता येत नाही, हे मला सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. हिने तीन सकाळींत बारा डब्या भरल्या. आणि त्या बारा बशांत दिसलेली ती जांभळी झुंड, सर ज्यावर खूश झाले ती, बारा छात्यांची नव्हती. एकाच छातीत एवढी हाक चालू होती.

मी वयनीकडे बघितलं. ती ढिगाच्या पार टोकाला बसली होती. पदराचा बोळा तोंडात, खांदे हलत होते, आवाज बाहेर येऊ देत नव्हती. तिच्या शेजारचीने तिचं घमेलं आपल्याकडे ओढून घेतलं आणि मुकाट्याने भरू लागली. तेवढ्यात मला आठवलं, डॉक्टर येतो तेव्हा दुसरीच्या जागी उभं राहायला धडधाकट बाई म्हणून आधीची कितीतरी वर्षं वयनीच जायची. आता तिच्या जागी कोण उभं राहत होतं ते मी विचारलं नाही.

सरांकडे जाऊन मी खरं सांगितलं. हे मोठेपणाने केलं असं नाही. दोन दिवस मी गप्प बसून बघितलं, बसवेना. सर ऐकत होते. मग कोंकणीत जे म्हणाले ते मी मराठीत लिहितो: "हे मला का सांगितलंस? मला माहीत नव्हतं तोवर हा निकाल खरा होता. आता माहीत झालं, तेव्हा मला तुला नापास करावं लागेल." त्यांनी माझी वही मिटली आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला आत बोलावलं. मी दारात उभा असतानाच त्याला म्हणाले, त्या तालुक्यातून नमुने घ्यायचे नाहीत, माणसंही नाहीत. नंतरच्या वर्षी त्यांनीच मला परत घेतलं, पण हे वाक्य त्यांनी परत घेतलं नाही आणि मीही ते विसरलो नाही.

वर्ष बुडालं. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्याचा आनंद पणजीत चालला होता तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या बशा घासायचं काम करत होतो. घरून काही येत नव्हतं. मी एकदा पेडण्याला जाताना म्हापशाला उतरून उलट मुळगावला गेलो तर भावाने ओसरीवरूनच सांगितलं की ती कामावर गेली आहे. ती आत खोकत होती, मला ऐकू येत होतं. मी चोरी म्हणालो होतो, आणि परक्या माणसाला जाऊन ते सांगितलं होतं. तिच्या टोळीत कुणी कुणाचं घमेलं भरलं हे बाहेर सांगणारी बाई पुन्हा टोळीत बसत नाही. मीही त्याच रीतीने बाहेर झालो होतो.

मग मी पत्र लिहिलं. भावाच्या हाती पडू नये म्हणून ते मोठी बायच्या घरी पाठवलं. तिने ते उघडलं नाही, तसंच नेऊन दिलं. वयनीने ते जपून ठेवलं होतं, म्हणून आज जसंच्या तसं उतरवून काढता येतं आहे.

सौ. वयनीस साष्टांग नमस्कार.

मोठ्या अक्षरांत लिहितो आहे. तू स्वतः वाच, कुणाला वाचायला देऊ नकोस.

मी तुला चोर म्हणालो. ते खोटं होतं. डब्यांवर मी बाराजणींचे आकडे घातले म्हणून तू केलंस ते खोटं ठरलं. आत जे होतं ते सगळं खरं होतं, आणि ते तुझं होतं. हे मला मोठी बायने सांगितलं. एवढं शिकून मला ते दिसलं नाही.

तुझ्या छातीत काय चाललंय ते मी तुला एकदाही नीट सांगितलं नाही. तू धूळ आत घेतेस. आत राखणीला बसलेली एक पेशी ती गिळते. तिला ती पचत नाही. मग ती हाक देते. तिच्या हाकेला आवाज नाही, ती एक रसायन सोडते, वासासारखं. त्या वासावर रक्तातल्या बाकीच्या पेशी धावून येतात. तुमच्या टोळीत एकीला झेपलं नाही की सगळ्या येतात, तशाच. पण या आल्या की घमेलं भरत नाहीत. दगडाला मारायला म्हणून विष ओततात, आणि ते तुझ्या छातीला लागतं. दुसऱ्या दिवशी तू परत धूळ घेतेस. परत हाक. तुझा खोकला म्हणजे ही गर्दी आहे. त्या गर्दीत कुणी वाईट नाही. सगळ्या मदतीलाच येतात. म्हणून त्यांना थांबवायला धूळच थांबवावी लागते.

आणखी एक गोष्ट मी सरांना सांगितली नाही. त्या बशांत ज्या पेशी सरकल्या त्या माझ्या होत्या. रक्त माझं घेतलं होतं. तुझा कफ एका बाजूला, मिठाचं पाणी दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. बाराही वेळा त्या तुझ्याकडे आल्या. माझ्या पेशींना जे कळलं ते मला कळलं नाही.

राग माझा अजून गेला नाही. तुझ्यावरही आहे. माझ्यासाठी म्हणून तू ढिगावर बसलीस आणि मला विचारलं नाहीस. खोकला लपवलास. दादावर आहे, टोळीवर आहे, सरांवर आहे. पण तो राग घेऊन मी तिथे येऊ शकत नाही आणि तू इथे येत नाहीस, तर त्याचं करायचं काय?

ढिगावर जाऊ नकोस. तुझ्या घमेल्यावर मी आता शिकणार नाही. माझं मी बघतो.

सोमवारी सकाळच्या बसने पणजीला ये. इस्पितळात मी बोलून ठेवलं आहे. तुझं नाव त्यांच्या वहीत चढेल, खाणीवर जाणार नाही, हे मी विचारून घेतलं आहे. एकटी तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून मोठी बायलाही आण. तिचीही छाती बघू. फक्त एक कर. आत बोलावतील तेव्हा तिच्या जागी तू आणि तुझ्या जागी ती, असं या वेळी करू नका.

दात घासून आलीस तरी चालेल. माझ्याकडची राखुंडी संपली आहे. थोडी घेऊन ये.

मी बसस्टँडवर उभा असेन. पहिली बस चुकली तर दुसरीपर्यंत.

तुझा दीर